प्रवासात परक्या कॉम्प्युटरवर काम: पेनड्राइव्हवर काय न्यायचं आणि काय नाही

शाईपेन (धागाकर्ती)

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. शेती, आरोग्य, पाणीपुरवठा अशा विषयांची पत्रकं आणि पुस्तिका हे रोजचं काम. शेवटच्या दुरुस्त्या बहुतेक वेळा छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसूनच कराव्या लागतात. कधी ज्या संस्थेचं काम असतं तिच्या तालुक्याच्या कार्यालयात बसते, कधी गावी चुलतभावाकडे. मणक्याच्या त्रासामुळे लॅपटॉप पाठीवर घेऊन एसटीचा प्रवास मी टाळते, म्हणून कामाचा सगळा संसार पेनड्राइव्हवर ठेवला आहे. त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या विषयावर मराठीत जे वाचायला मिळतं ते सॉफ्टवेअरच्या यादीपाशी संपतं. आपल्या खऱ्या अडचणी मराठी टायपिंग, फाँट आणि छापखान्यातली जुनी यंत्रं या आहेत. त्यांचा त्यात उल्लेखही नसतो.

यासाठी लागतं ते पोर्टेबल सॉफ्टवेअर, म्हणजे यंत्रात न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं. ते काय असतं, हे आधी थोडक्यात. नेहमीचा प्रोग्राम बसवला की तो आपल्या सेटिंग्ज विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत) आणि वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवतो. पोर्टेबल आवृत्ती त्याच गोष्टी स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवते. जॉन हॅलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्सची अशी आवृत्ती केली आणि त्यातून पुढे पोर्टेबलॲप्स डॉट कॉम उभं राहिलं. तिथल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये 'ॲप' आणि 'डेटा' असे भाग दिसतात. 'ॲप'मध्ये प्रोग्राम असतो आणि 'डेटा'मध्ये आपण लावलेली घडी: शब्दकोशात घातलेले शब्द, टूलबार, आपोआप दुरुस्त होणाऱ्या शब्दांची यादी. बॅकअप घ्यायचा तो 'डेटा'चा. 'ॲप' केव्हाही पुन्हा उतरवून घेता येतं.

माझ्याकडे लिब्रेऑफिस (लिहायला), सुमात्रा पीडीएफ (पीडीएफ वाचायला), सेव्हन-झिप (फाइलींचा गठ्ठा करायला), नोटपॅड++ (साध्या टेक्स्ट फाइलींसाठी) आणि ओमेगाटी एवढंच आहे. ओमेगाटीबद्दल जरा जास्त सांगते, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. तो भाषांतराच्या स्मृतीचा मोफत प्रोग्राम आहे. आधी केलेली वाक्यं तो लक्षात ठेवतो आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर आणून ठेवतो. जावावर चालतो, पण विंडोजसाठी जावा आतच असलेली आवृत्ती मिळते, त्यामुळे समोरच्या यंत्रावर जावा आहे की नाही हे बघावं लागत नाही. मात्र तो आपली सेटिंग्ज यजमानाच्या, म्हणजे ज्याचं यंत्र आपण वापरतोय त्याच्या, ॲपडेटामध्ये टाकतो. ती पेनड्राइव्हवरच राहावीत यासाठी सुरू करताना 'कॉन्फिग-डिर' हा पर्याय द्यावा लागतो. मी तो एका छोट्या बॅच फाइलमध्ये (विंडोजला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) लिहून ठेवला आहे. फाइलमध्ये पूर्ण पत्ता लिहू नका. एका ठिकाणी पेनड्राइव्ह 'ई' म्हणून दिसतो, दुसरीकडे 'जी' म्हणून. बॅच फाइल स्वतः जिथे आहे तिथून पुढचा पत्ता द्या.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये मूळ मजकूर, भाषांतर, स्मृती आणि शब्दसंग्रह यांचे वेगवेगळे कप्पे असतात. शब्दसंग्रह म्हणजे टॅबने वेगळे केलेले शब्द असलेली साधी टेक्स्ट फाइल. 'ड्रिप इरिगेशन'ला ठिबक सिंचन, 'मल्चिंग'ला आच्छादन, 'हर्ड इम्युनिटी'ला समूह प्रतिकारशक्ती, असे संस्थेने एकदा मान्य केलेले शब्द त्यात असतात. ही फाइल सोबत असली की मी वाशीमच्या कार्यालयातही तेच मराठी लिहिते जे पुण्यात घरी लिहिते. पेनड्राइव्ह जवळ बाळगायचं माझ्या दृष्टीने हेच खरं कारण. प्रोग्राम काय, कुठेही मिळतील.

आता ज्या गोष्टीचा मी मनापासून आग्रह धरते ती. पोर्टेबल सॉफ्टवेअर यजमानाच्या कॉम्प्युटरला आपल्या पसाऱ्यापासून वाचवतं. यजमानाच्या कॉम्प्युटरपासून आपल्याला वाचवण्याची सोय त्यात नाही. त्या यंत्रात कळ टिपणारा (आपण काय टाइप करतो ते चोरून नोंदवणारा) प्रोग्राम बसलेला असेल तर तुमचा ब्राउझर पेनड्राइव्हवरून चालतोय की हार्डडिस्कवरून, याने त्याला काही फरक पडत नाही. म्हणून माझ्या पेनड्राइव्हवर काम आहे, पासवर्ड एकही नाही. मेल आणि बँक फोनवर. फाइल पाठवायची असेल तर पेनड्राइव्ह ओटीजीने (फोनला यूएसबी जोडायच्या सोयीने) लावून ती फोनमध्ये घेऊन तिथून पाठवते.

फाँट आणि कीबोर्डची व्यवस्था इतर लोक कशी करतात हे वाचायला आवडेल.


चष्मिष

उत्तम धागा, ताई. वाचनखूण साठवली.

एक शंका. मी फायरफॉक्स पोर्टेबल वापरतो आणि त्यात पासवर्ड जतन केलेले आहेत. त्याला प्राथमिक पासवर्ड लावला तर पुरेसं नाही का? पेनड्राइव्ह हरवला तरी कुणाला काही मिळणार नाही.


शाईपेन

पेनड्राइव्ह हरवण्यापुरतं पाहिलं तर जरूर लावा. तो न लावता फायरफॉक्सचं प्रोफाइल फोल्डर कुणाच्या हाती लागलं तर त्यातले पासवर्ड सरळ वाचता येतात. पण परक्या यंत्रावर तुम्ही तो प्राथमिक पासवर्ड टाइप केलात की त्या क्षणापासून सगळी तिजोरी उघडी असते. शिवाय लॉगिन झाल्यावर ब्राउझरकडे जी कुकी (ओळख पटल्याची छोटी खूण) राहते ती चोरली तरी खात्यात शिरता येतं, पासवर्डची गरजच उरत नाही. हरवणं हा एक धोका आणि संसर्ग झालेलं यंत्र हा दुसरा. दोन्हींवर एकच उपाय चालत नाही.


अनुस्वार

डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणं) आणि मुद्रितशोधन हेच माझं काम असल्याने फाँटचा भाग मी घेतो.

पहिली गोष्ट मंगल फाँटची. वर्षानुवर्षं सरकारी आणि संस्थांच्या फाइली मंगलमध्ये होतात, कारण तो एक्सपीपासून विंडोजसोबत येत होता. विंडोज १० पासून तो ऐच्छिक देवनागरी फाँटच्या संचात गेला आणि मूळ मांडणीत निर्मला राहिला. परिणाम असा की तुमच्या घरी चोवीस पानांत बसलेली पुस्तिका दुसरीकडे उघडली की वेगळ्या फाँटमध्ये उघडते, ओळी सरकतात, तक्ते पुढच्या पानावर जातात. आपण काही बदललेलं नसतं, तरी सगळं हललेलं असतं.

उपाय सोपा आहे. मुक्त परवान्याचा फाँट निवडा: 'मुक्त' याच नावाचा, 'बालू' किंवा 'नोटो सान्स देवनागरी'. लिब्रेऑफिस पोर्टेबलच्या 'ॲप' फोल्डरच्या आत शोधत गेलात तर 'शेअर', 'फाँट्स', 'ट्रूटाइप' अशी वाट सापडेल. तिथे फाँटच्या फाइली टाकल्या की विंडोजमध्ये न बसवताही लिब्रेऑफिसला त्या दिसतात. नवी आवृत्ती घेतल्यावर तिथे फाँट आहेत ना, हे पुन्हा तपासायचं. दुसरा उपाय म्हणजे दस्तऐवजाच्या गुणधर्मांत जाऊन फाँट फाइलमध्येच अंतर्भूत करणं. फाइल फुगते, पण मांडणी टिकते. आणि ज्याला फक्त वाचायचं आहे किंवा छापायचं आहे त्याला पीडीएफच द्या.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक आहे. बऱ्याच छापखान्यांत अजून युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्यापूर्वीचे फाँट चालतात, श्रीलिपीचे किंवा आयएसएमचे, आणि पान पेजमेकर या जुन्या प्रोग्राममध्ये लागतं. तुमची युनिकोड फाइल तिथे रूपांतर करूनच जाते. या रूपांतरात ठरावीक जागी मजकूर मोडतो. रफार एक अक्षर पुढे-मागे होतो, ॲ आणि ऑ गळतात, आणि सर्वांत जास्त मार खातो तो ऱ्य आणि ऱ्ह. दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, शेतकऱ्यांना हे शब्द रूपांतरानंतर एकेक करून बघा. 'शेतकऱ्यांना' तर शेतीच्या पत्रकात प्रत्येक परिच्छेदात असतो. म्हणून अंतिम वाचन युनिकोड फाइलवर करून समाधान मानू नका. रूपांतर झालेल्या पानावर, शक्यतो कागदावर काढून वाचा.

शाईपेन ताई, तुमच्या शब्दसंग्रहासाठीही एक सूचना आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ वापरून, दुसरा म्हणजे र, हलंत आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. ॲचंही तेच: काही कीबोर्ड एकसंध अक्षर देतात, काही अ आणि चंद्र जोडून देतात. घरच्या कीबोर्डवर एक प्रकार आणि छापखान्याच्या कीबोर्डवर दुसरा टाइप झाला तर शोधा-बदला अर्धेच शब्द पकडतो आणि शब्दसंग्रहही जुळत नाही.


शाईपेन

अनुस्वार, फार आभारी आहे. 'कांदाचाळीसाठी अर्ज करणाऱ्या' असा एक ठरलेला वाक्यांश स्मृतीत असूनही काही वेळा पूर्ण जुळत नव्हता. कारण आता उमगलं. सगळ्या प्रकल्पांत एकच प्रकार करून घेते. नोटपॅड++ ला पूर्ण फोल्डरमध्ये शोधा-बदला करता येतं, त्यामुळे हे काम एका बैठकीत होईल.


हिशेबनीस

आमच्या क्षेत्रातली परिस्थिती वेगळी आहे, ती नोंदवते. मी अशिलांच्या दुकानांत आणि गोदामांत जाऊन हिशेब लिहिते.

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन फिरणारे अनेक आहेत. फोल्डर दुसऱ्या यंत्रावर उघडतंही. परवाना मात्र यंत्राशी बांधलेला असल्याने तिथे ते शैक्षणिक स्वरूपात सुरू होतं आणि नोंदींच्या तारखांवर बंधन येतं: १, २ आणि ३१. म्हणजे जुने हिशेब दाखवायला चालेल, रोजच्या नोंदी करायला नाही. त्याहून महत्त्वाचं, टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर ठेवून थेट त्यावर काम करू नये. नोंद लिहिली जात असताना पेनड्राइव्ह सैल झाला, वीज गेली, की डेटा बिघडतो. बॅकअप घ्यायचा, तो न्यायचा आणि तिथल्या परवाना असलेल्या टॅलीत रिस्टोअर करायचा. हीच पद्धत मी शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

डिजिटल सहीचं टोकन पेनड्राइव्हसारखं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की ते कुठेही लावलं की सही होईल. त्याला त्या-त्या कंपनीचा ड्रायव्हर यंत्रात बसवावा लागतो आणि त्यासाठी ॲडमिन हक्क (यंत्रात बदल करण्याचे अधिकार) लागतात. सहीची गुप्त चावी टोकनमधून बाहेर काढून पेनड्राइव्हवर नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या दिवशी रिटर्न भरायचं असतं त्या दिवशी मी स्वतःचा लॅपटॉप नेते.


सर्व्हररूम

मी एका कंपनीत यंत्रणा सांभाळतो, हिंजवडीला. पलीकडच्या बाजूने लिहितो.

पेनड्राइव्ह लावताना यजमानाला विचारा, हे पहिलं. घरगुती कॉम्प्युटरवर हा शिष्टाचार आहे. कार्यालयात तो नियमाचा प्रश्न आहे. बँका आणि मोठ्या कंपन्यांत यूएसबी पोर्ट बंदच असतात, आणि जिथे उघडे असतात तिथेही अनोळखी प्रोग्राम चालू द्यायचे नाहीत असं धोरण लावलेलं असू शकतं. तिथे पळवाट शोधत बसू नका. ज्याने तुम्हाला खुर्ची दिली त्याची नोकरी धोक्यात येते.

आम्ही इतके कडक का, तर २००८ मध्ये कॉन्फिकर हा विषाणू पसरला तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक पेनड्राइव्हवरची ऑटोरन फाइल होती. पेनड्राइव्ह लावला की विंडोज आपणहून प्रोग्राम सुरू करायचं. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी हे बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसा अपडेट दिला. मग २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी दाखवलं की यूएसबी उपकरणाचं फर्मवेअरच (त्याच्या आतला मूळ प्रोग्राम) बदलता येतं, आणि पेनड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणून सांगून आज्ञा टाइप करू शकतो. अँटिव्हायरस फाइली तपासतो, हे त्याला दिसत नाही. म्हणून सापडलेला, भेट मिळालेला, परिषदेत वाटलेला पेनड्राइव्ह कामासाठी वापरू नये.

आणखी एक गैरसमज: 'पोर्टेबल वापरलं की मागे काही खूण राहत नाही.' राहते. कोणता पेनड्राइव्ह लावला होता, त्याचा अनुक्रमांकासह उल्लेख विंडोजच्या रजिस्ट्रीत होतो. अलीकडच्या फाइलींच्या यादीत तुमच्या फाइलींची नावं दिसू शकतात. रुग्णाचं नाव, अशिलाचं नाव फाइलीच्या नावात लिहू नका. 'अहवाल क्रमांक ७' पुरे.


डोंगरवाट

मग एवढ्या कटकटीपेक्षा पेनड्राइव्हवर लिनक्सच (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) का नेत नाही कुणी? यंत्र पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचं, समोरच्याच्या विंडोजला हातच लावायचा नाही. मी शाळेत शिकवतो आणि व्हेंटॉय वापरतो. एकाच पेनड्राइव्हवर वेगवेगळ्या लिनक्सच्या आयएसओ फाइली (एकेका फाइलीत पूर्ण प्रणाली) नुसत्या टाकून ठेवायच्या, सुरू करताना हवी ती निवडायची. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट (प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेली कळ) आणि उच्चारानुसारी (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) असे दोन्ही कीबोर्ड त्यात आधीच असतात. फक्त सेटिंगमधून निवडायचे. लिहिलेलं टिकून राहावं यासाठी कायम साठवणुकीची फाइल करून ठेवली की झालं. विंडोजमधला कळ टिपणारा प्रोग्राम तिथे चालतच नाही, कारण विंडोज सुरूच झालेलं नसतं.


सर्व्हररूम

डोंगरवाट, तुमच्या शाळेच्या यंत्रांवर, जिथे तुम्हीच जबाबदार आहात, तिथे ही फार चांगली पद्धत आहे. पाहुणे म्हणून गेल्यावर मात्र नाही, आणि कारण गंभीर आहे. नव्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून सुरुवात करायला पुष्कळदा सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागतं. ते बदललं की पुढच्या वेळी विंडोज बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची) रिकव्हरी चावी मागू शकतं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मालकाच्या नकळत एन्क्रिप्शन चालू असतं आणि ती ४८ अंकी चावी त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात कुठेतरी असते. मालकाला खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर तुमच्या एका रात्रीच्या कामापायी त्याचे सगळे फोटो अडकले. दुसऱ्याच्या यंत्राचं बायोस (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) बदलू नका.


डोंगरवाट

मान्य. शाळेतली यंत्रं जुनी आहेत, तिथे हा प्रश्न आलाच नव्हता. पाहुणे म्हणून गेल्यावर वापरणार नाही.


राइनकाठ

जर्मनीतून लिहितेय. इथल्या सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटर मिळतो, पण पेनड्राइव्हवरची प्रोग्रामची फाइल चालू देत नाहीत, फक्त दस्तऐवज उघडू देतात. त्यामुळे ओमेगाटी वगैरे तिथे विसरायचं. मॅक असेल तरीही हे सगळे विंडोजचे पोर्टेबल प्रोग्राम निरुपयोगी. म्हणून मी महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ आणि साधी टेक्स्ट प्रत नेहमी बाजूला ठेवते. त्या दोन कुठेही उघडतात.

कीबोर्डचं म्हणाल तर इथे वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात. उच्चारानुसारी मराठी टायपिंगची सवय असलेल्यांची यात फार अडचण होते. इन्स्क्रिप्टमध्ये मला ती जाणवत नाही. कारण विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट निवडला की कळेवर काय छापलंय याला अर्थ राहत नाही, बोटांना जागा माहीत असतात. जर्मन असो, फ्रेंच असो, मांडणी तीच. शिकायला काही आठवडे कष्ट पडतात हे खरं, पण ज्याला मराठीत रोज लिहायचं आहे आणि फिरायचंही आहे त्याने ते घ्यावेतच असं माझं ठाम मत आहे. गेल्या वीसेक वर्षांत आलेल्या प्रत्येक विंडोजमध्ये तो आहे, काहीही बसवावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी ॲडमिन पासवर्डशिवाय भाषा जोडता येते. काम झाल्यावर ती यजमानाच्या यादीतून काढून टाका. नाहीतर त्यांच्या हातून चुकून बदलते आणि इंग्रजी टाइपच होत नाही म्हणून बिचारे घाबरतात.


चष्मिष

विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी उच्चारानुसारी कीबोर्डही आतच आहे. ज्यांना इन्स्क्रिप्ट जमत नाही त्यांची सोय होते.

आणखी एक विचारतो. टेलिग्रामवर फोटोशॉप आणि एमएस ऑफिसच्या पोर्टेबल आवृत्त्या फिरतात. छापखान्यात फोटोशॉप लागतंच. कुणी वापरल्या आहेत का?


शाईपेन

चष्मिष, कृपा करून वापरू नका. फोटोशॉपची पोर्टेबल आवृत्ती ॲडोबी देतच नाही आणि ऑफिसची मायक्रोसॉफ्ट देत नाही. जे फिरतं ते कुणीतरी कुलूप तोडून, पुन्हा बांधून ठेवलेलं असतं, आणि बांधताना आत काय घातलं ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. परवान्याचा भंग होतो तो वेगळाच. शिवाय असा प्रोग्राम तुम्ही दुसऱ्याच्या यंत्रावर चालवणार, म्हणजे धोका त्यांच्या घरात नेणार. चित्रासाठी गिंप आणि इंकस्केप आहेत, दोन्ही पोर्टेबलॲप्स डॉट कॉमवर मोफत मिळतात. पानं लावायला स्क्रायबस घ्या, त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. चित्राचं जे काम गिंपमध्ये होण्यासारखं नाही ते छापखान्याच्या परवाना असलेल्या यंत्रावर त्यांच्याच माणसाकडून करून घ्यावं.


अनुस्वार

स्क्रायबसबद्दल सहमत. छोटी पत्रकं मी त्यात लावतो. मोठ्या पुस्तकाला अजून हात लावलेला नाही.

छापखान्यातल्या जुन्या यंत्रांबद्दल लिहायचं राहिलं. बऱ्याच ठिकाणी अजून विंडोज ७ आहे, कारण जुनं फाँट सॉफ्टवेअर आणि त्याचं हार्डवेअर लॉक (परवाना तपासणारं उपकरण) त्यावरच चालतं. लिब्रेऑफिस २५.८ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ आणि ८ वर चालत नाहीत. पोर्टेबलचा फायदा इथे होतो: आधीची एक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि अशा यंत्रावर तीच उघडा. दोन्हींचे 'डेटा' फोल्डर मात्र एकमेकांत मिसळू नका. आणि ज्या यंत्राला २०२० च्या जानेवारीपासून सुरक्षा अपडेट मिळालेला नाही त्यावर इंटरनेट लागेल असं कुठलंही काम करू नका.


गोदाकाठ

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. माझा प्रश्न साधा आहे. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात आणि फाइली गायब. परीक्षेच्या दिवसांत तर दर वेळी होतं. काय करावं?


सर्व्हररूम

फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानेच विषाणू चालू होतो. स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर आधी विंडोज डिफेंडरने पेनड्राइव्ह तपासा. मग एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या आणि संरक्षित सिस्टिम फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा, तुमचे फोल्डर फिकट दिसतील. कधी कधी ते नाव नसलेल्या एका फोल्डरच्या आत सरकवलेले असतात. आतला मजकूर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. उतरवताना फक्त तुमच्या ओळखीच्या फाइली घ्या, कुठलीही प्रोग्रामची किंवा स्क्रिप्टची फाइल नको.

आणि पुढे कायमसाठी: झेरॉक्सच्या दुकानासाठी वेगळा, स्वस्तातला पेनड्राइव्ह ठेवा, त्यात छापायची पीडीएफ सोडून काही नको. घरी आल्यावर तो पुसायचा.


शाईपेन

हीच विभागणी मीही करते. कामाचा पेनड्राइव्ह छपाईच्या दुकानात कधीच जात नाही. पोर्टेबल प्रोग्राम असलेला पेनड्राइव्ह तर मुळीच नेऊ नये, कारण त्यात चालवता येणाऱ्या फाइली असतात. त्यातल्या एखाद्या फाइलीला संसर्ग झाला तर पुढच्या प्रत्येक यजमानाकडे तो आपणच पोचवतो.


हिशेबनीस

अशिलाचे कागद पेनड्राइव्हवर असतील तर कुलूप कसलं लावता? व्हेराक्रिप्ट चांगलं म्हणतात, पण अशिलाच्या यंत्रावर उघडतच नाही.


सर्व्हररूम

व्हेराक्रिप्टला ड्रायव्हर चढवावा लागतो, म्हणून पोर्टेबल पद्धतीनेही ॲडमिन हक्क लागतात. परक्या यंत्रावर ते मिळत नाहीत. तुमच्यासाठी बिटलॉकर टू गो, म्हणजे विंडोजचं पेनड्राइव्हसाठीचं कुलूप, बरं. कुलूप लावायला विंडोजची प्रो आवृत्ती लागते, पण उघडायला होम आवृत्तीही चालते आणि ॲडमिन हक्क लागत नाहीत. फोनवर आणि मॅकवर ते आपसूक उघडत नाही, एवढं ध्यानात ठेवा. रिकव्हरी चावी छापून घरी ठेवा.

सेव्हन-झिपने पासवर्ड लावून गठ्ठा करणं हाही मार्ग आहे, त्यात फाइलींची नावंसुद्धा लपवता येतात. मात्र गठ्ठ्याच्या आतून फाइल थेट उघडली की तिची एक प्रत यजमानाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते. त्यामुळे आधी पेनड्राइव्हवरच मोकळं करा आणि मग उघडा.


राइनकाठ

कुलूप कितीही चांगलं असलं तरी ज्या यंत्रावर ते उघडलं त्याला आतलं दिसतंच, हा धागाकर्तीचा मुद्दा इथेही लागू होतो. इथे युरोपात ग्राहकाची वैयक्तिक माहिती अशी नेण्यावर कायद्याची बंधनं आहेत. मी ती नेतच नाही.


गोदाकाठ

पेनड्राइव्ह कसा घ्यावा? आणि फॉरमॅट कोणता? फॅट३२, एक्सफॅट की एनटीएफएस?


शाईपेन

पेटीवरचा वेग बहुतेक वाचनाचा असतो. पोर्टेबल प्रोग्रामला जास्त गरज लहान-लहान फाइली लिहिण्याच्या वेगाची असते आणि स्वस्त पेनड्राइव्ह तिथेच अडखळतात. लिब्रेऑफिस उघडायला फार वेळ लागत असेल तर कारण बहुधा हेच. खिशाला परवडत असेल तर छोटी यूएसबी एसएसडी घ्या, फरक लगेच जाणवतो. पेनड्राइव्ह एका टोकाला टाइप-सी असलेला असेल तर फोनलाही लागतो. नवा आणल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू या छोट्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. लिहिलेल्यापेक्षा कमी क्षमतेचे बनावट पेनड्राइव्ह बाजारात येतात आणि ते भरत जाईपर्यंत कळत नाही.

फॉरमॅटचं असं की फॅट३२ सगळीकडे चालतो, पण ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि बऱ्याच फोनवर चालतो, मी तोच वापरते. एनटीएफएस अचानक काढल्यावर जास्त सावरून घेतो, पण मॅकवर त्यात लिहिता येत नाही. एक्सफॅटमध्ये तसा आधार नसल्यामुळे काढण्यापूर्वी सगळे प्रोग्राम बंद करा आणि 'सुरक्षित काढा' म्हणा. विंडोज १० च्या २०१८ सालच्या एका आवृत्तीपासून ते न म्हणता काढलं तरी चालतं असं ठरलेलं आहे, पण ते नुसत्या फाइली ठेवणाऱ्या पेनड्राइव्हसाठी. प्रोग्राम चालू असताना ओढून काढला तर ओमेगाटीची स्मृती अर्धवट लिहिली जाऊ शकते.


गोदाकाठ

आणि भाचीच्या नव्या लॅपटॉपवर पोर्टेबल काहीच उघडेना. फक्त स्टोअरमधले ॲप चालतील असा संदेश येतो. बिघाड आहे का?


सर्व्हररूम

बिघाड नाही, तो विंडोजचा 'एस मोड' आहे. त्यातून बाहेर पडता येतं, पण परत त्यात जाता येत नाही, म्हणून निर्णय भाचीला घेऊ द्या. तोवर तुमच्या फाइली तिच्याकडे जे आहे त्यातच उघडा, किंवा फोनला पेनड्राइव्ह लावून काम भागवा.